बाण, तीर की सळी?

प्रश्न, सातारा : शाळेच्या हस्तलिखितासाठी शस्त्रांवर लेख लिहितोय. रोमन सैनिकांचा प्लुम्बाटा, विमानातून टाकायचे ते फ्लेशेट आणि रणगाड्याचा पिसारा असलेला गोळा, या सगळ्यांना 'बाण' चालेल ना?

मिरज : बाण नको. मराठ्यांच्या लढायांच्या वर्णनात 'बाण' म्हणजे पुष्कळदा दारूचा बाण, नळीत दारू ठासून काठीला बांधलेला. दिवाळीत आपण अजून बाणच उडवतो की! फ्लेशेटच्या अंगात दारू नसते, त्याला 'तीर' म्हणा. फ्रेंचमध्येही त्याचा अर्थ छोटा तीर असाच आहे. १९१४ मध्ये वैमानिक हे पोलादी तीर शत्रूच्या पायदळावर ओतत. स्फोट नाही, काही नाही, मारा सगळा उंचीचा. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकेने १०५ मिमीच्या एकेका 'बीहाइव्ह' तोफगोळ्यात सुमारे ८,००० बारके तीर भरले. माझ्या मते हे शस्त्र नीच आहे, पण तो वेगळा विषय.

विटा : प्लुम्बाटा हाताने फेकायचा, त्याला तीर कसं म्हणणार? आखूड दांडा, मागे पिसं, टोकाजवळ शिशाचं वजन. ढालीच्या आतल्या बाजूला असे पाच ठेवत, असं रोमन लेखक वेगेशियस लिहितो. 'फेकभाला' लिहा. आपल्याकडे दोरी बांधलेला भाला होता, फेकून परत ओढायचा. त्याचं नाव 'विटा'. (आमच्या गावाशी नातं जोडू नका, लोक लगेच जोडतात.)

अपशिंगे : रणगाड्यावर नोकरी झाली माझी. तिथे तीर नाही न् बाण नाही, सरळ 'एफएसएपीडीएस', पिसाऱ्याच्या चिलखतभेदी गोळ्याचं इंग्रजी लघुरूप. मराठीच हवं तर 'सळी' म्हणा, कारण ती टंगस्टनची सळीच असते. वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास. आत स्फोटक नाही, नुसत्या धडकेने चिलखत फुटतं. एवढी लांब सळी गोळीसारखी गरगर फिरवून सरळ जात नाही, म्हणून मागे पिसारा. नळीपेक्षा बारीक असल्याने भोवती सॅबो, म्हणजे मधली जागा भरणारं कवच, बसवतात, तो तोंडाबाहेर पडताच सुटून गळतो. समोर आपलं पायदळ असलं तर ते तुकडे त्यांना लागू शकतात.

सातारा : आभारी आहे, काका. म्हणजे फेकभाला, पोलादी तीर आणि पिसाऱ्याची सळी. सॅबोला काय लिहू? मुळात तो फ्रेंच लाकडी जोडा म्हणे.

मिरज : सॅबोच राहू द्या. 'पादुका' लिहाल तर पोरं हसतील.