केसरबाई-मोगूबाईंवर सिनेमा काढला तर किती मीठमसाला चालेल?

फोंडेकर
समजा उद्या कोणी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या दोन शास्त्रीय गायिकांवर बायोपिक काढला. एक केरीची, दुसरी साळावली धरणात गेलेल्या कुर्डीची, दोघींचे गुरू अल्लादिया खाँसाहेब, आणि दोघींमधल्या चुरशीचे किस्से गाण्यातली माणसं अजून चघळतात, म्हणजे स्क्रिप्टवाल्याला आयतंच. मला धास्ती एवढीच की एकीला मोठं करायला दुसरीला व्हिलन करून टाकतील. मेव्हणा म्हणतो सिनेमा आहे, पीएचडी नव्हे, गप बघायचा. तुमचं काय?

जत्रेतला_नट
मेव्हण्याशी सहमत. जत्रेच्या नाटकात आपण रात्रभर इतिहास वाकवतो तेव्हा कोण बोलतं? मोगूबाई खाँसाहेबांकडे शिकल्या, तालीम तुटली, मग त्यांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे गेल्या, पुढे १९३४ ला परत खाँसाहेबांचा गंडा बांधला (म्हणजे रीतसर शिष्या झाल्या), हे सगळं अडीच तासात कसं बसवणार? दोन गुरूंचा एक केला तरी माझी हरकत नाही.

सुरेल_साखळी
अरे पण मग हैदर खाँ गेलेच ना कामातून! आणि खरी गोष्ट त्या तुटलेल्या वर्षांतच आहे. तारखा हलवा, संवाद रचा, बंद खोलीत कोण काय बोललं ते कोणाला ठाऊक असतं? पण तालीम का तुटली त्याचं खापर ऐकीव गप्पांवरून कोणाच्या तरी माथी मारलं की झालं, दहा वर्षांनी लोक तेच खरं म्हणून सांगणार. केसरबाईंची 'जात कहाँ हो' १९७७ ला नासाच्या व्हॉयजर यानावरून अंतराळात गेली, आज यूट्यूबवर कोणीही ऐकतो, त्यामुळे गाण्यातली लबाडी लगेच पकडतील. भांडणातली कोण पकडणार?

पणजी_पात्रांव
'नाचुंया कुंपासार' या कोकणी सिनेमावाल्यांनी केलं तसं करायचं. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्यावरून सुचलेला सिनेमा, गाणी पेरीचीच, पण पडद्यावर नावं लॉरी आणि डोना. दिग्दर्शक मोकळा.

सुरेल_साखळी
मोकळा कसला, लॉरी म्हणजे कोण ते मडगावच्या शेंबड्या पोरालाही कळलं. तरी बरं, निदान हेच खरं असा दावा तरी नाही.

फोंडेकर
आणि घरच्यांनीच काढला तर? गायक वसंतराव देशपांड्यांवरच्या 'मी वसंतराव'मध्ये नातूच आजोबा झालाय. गाणं घरचं म्हणून मस्त जमलं, पण आपल्याच आजोबांचे दोष कोण किती दाखवणार?

जत्रेतला_नट
म्हणजे परक्याने काढला तरी रडणार, घरच्याने काढला तरी रडणार. तूच लिही बाबा स्क्रिप्ट.