व्याजदर वाढले, तरी पुण्याच्या वाकड-हिंजवडीत फ्लॅटचे भाव उतरले का नाहीत?

प्रश्न: मे 2020 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 झाला. मग मागणी घटून भाव पडायला हवे होते ना?

उत्तर 1: हप्ता मांडून बघा. 50 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, महिन्याला: साडेसहा टक्क्यांनी सुमारे 37,300, साडेआठने 43,400. दोन पगारांच्या आयटी घरात हा फरक खपतो, एका पगारावर जड जातो. चालू कर्जात बँका बहुतेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे घाईने विकायची वेळ येत नाही.

उत्तर 2: बिल्डर छापील दर सहसा पाडत नाही, आधीचे ग्राहक भांडायला येतात. सूट येते ती मॉड्युलर किचन, पार्किंग, ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे’ अशा रूपात. ती वजा करून कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर) चौरस फुटाचा दर काढा, खरा भाव तिथे दिसेल. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी धरा (45 लाखांपर्यंतच्या, परवडणाऱ्या व्याख्येत बसणाऱ्या घराला 1). भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत राहण्याजोगी झाल्याचा सरकारी दाखला) विकलेल्याला नाही.

उत्तर 3: आणि लग्नासाठी स्थळ बघताना ‘स्वतःचं घर आहे का?’ हा प्रश्न रेपो दर बघून कोणी विचारत नाही!