न मांडलेले आकडे
‘डॅशबोर्डवर सगळे आकडे दिसत असूनही साहेब मनाचेच करतात’ ही कर्मचाऱ्यांची तक्रार रास्त आहे, मात्र साहेबांपुढे ठेवलेला पुरावा पुरेसा असतोच असे नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान नष्ट झाले, त्याच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या दगा देतील असे बजावले होते, परंतु तुलनेसाठी भर होता तो कड्या बिघडलेल्या उड्डाणांवरच. निर्विघ्न उड्डाणेही शेजारी मांडल्यावर चौकशी आयोगाला दिसले की सांध्याचे तापमान साधारण १९ अंश सेल्सिअस किंवा अधिक असताना २० पैकी ३ उड्डाणांत, तर १७ अंशांच्या आसपास वा खाली असताना चारही उड्डाणांत बिघाड झाला होता. चाकणच्या आमच्या कारखान्यातही सोमवारच्या आढाव्यात बंद पडलेल्या यंत्रांचाच तक्ता लाल रंगात झळकतो. सुरळीत गेलेल्या पाळ्यांचे आकडे साहेब मागत नाहीत आणि (हे अधिक गमतीचे) आम्हीही देत नाही.