सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ न करता समजून कसे शिकावे? प्रश्नाची सुरुवात हळदीच्या डागापासून

प्रश्न : विद्यार्थिनी, बी.एस्सी. प्रथम वर्ष

सर्वांना नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. दहावीच्या पुस्तकातील कार्बनी संयुगांचा धडा मला मनापासून आवडला होता, कारण समघटक, क्रियात्मक गट, असंपृक्त हे शब्द वाचतानाच अर्धा अर्थ कळत असे. अकरावीत सगळा विषय एकदम इंग्रजीत आला आणि तो अर्थ कुठेतरी हरवला. बारावीला आल्डॉल, कॅनिझारो, विल्यमसन, राइमर-टिमान अशा नावांच्या अभिक्रिया मी वह्या भरभरून लिहून पाठ केल्या. गुण मिळाले, परंतु आज त्यांपैकी निम्म्याही आठवत नाहीत, आणि ज्या आठवतात त्या का घडतात हे मला सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या पांढऱ्या ॲप्रनवर डब्यातील आमटीचा डाग पडला. घरी येऊन त्यावर साबणाची वडी घासली तेव्हा पिवळा डाग बघता बघता तांबडा झाला. भरपूर पाण्यात खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा झाला आणि दोन दिवस कडक उन्हात वाळत घातल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. आई म्हणाली, हळदीचा डाग असाच असतो. मला मात्र असे वाटले की, मी जो विषय दोन वर्षे पाठ करत होते तो त्या डागात माझ्यासमोर घडत होता आणि मला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही.

या डागात नेमके काय घडले, आणि घरातील अशा गोष्टींच्या आधाराने हा विषय पहिल्यापासून कसा शिकता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त प्राध्यापक

तू माझ्या नातीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहितो. तुझे निरीक्षण अतिशय चांगले आहे, कारण तू डागाच्या तिन्ही अवस्था क्रमाने टिपल्या आहेस आणि तिन्हींचे कारण एकाच रेणूत आहे.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या संयुगाचा असतो. त्याच्या रेणूत बेंझीनची दोन वलये सात कार्बन अणूंच्या साखळीने जोडलेली असतात आणि या सबंध सांगाड्यात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा रचनेत इलेक्ट्रॉन एका बंधापुरते अडकून राहत नाहीत, ते सांगाडाभर पसरतात. आणि ते जितके अधिक पसरतात तितक्या कमी ऊर्जेच्या प्रकाशाने त्यांना वरच्या पातळीवर नेता येते. कर्क्युमिन सुमारे 425 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्या-निळ्या पट्ट्यातील प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला ते पिवळे दिसते. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असते. ते कर्क्युमिनच्या हायड्रॉक्सिल गटातून प्रोटॉन काढून घेते, मागे राहिलेला ऋण प्रभारही सांगाड्यावर पसरतो, शोषला जाणारा प्रकाश हिरव्याच्या बाजूला सरकतो आणि डाग तांबडा दिसू लागतो. साबण धुऊन गेल्यावर प्रोटॉन परत येतो आणि पिवळा रंगही परततो. येथपर्यंत रेणू शाबूत होता. उन्हात मात्र प्रकाशाच्या ऊर्जेने ती मधली साखळीच तुटते, लहान लहान तुकडे उरतात, त्यांत इलेक्ट्रॉनांना पसरायला जागा राहत नाही आणि डाग दिसेनासा होतो. मुकामार लागल्यावर घरोघरी हळद-चुन्याचा लेप लावतात. तो लाल होतो त्यामागेही हेच कारण आहे, फक्त साबणाच्या जागी चुना आहे.

आता अभ्यासाविषयी. मी 31 वर्षे हा विषय शिकवला आणि मुले कुठे अडतात ते जवळून पाहिले. ती अभिक्रियेची सुरुवात आणि शेवट पाठ करतात, मधला प्रवास वगळतात. तू प्रत्येक रेणू समोर आला की एवढेच विचार : यात इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत आणि कुठे कमी पडले आहेत? जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे वक्र बाण काढायचा. न्यूक्लिओफाइल या शब्दाने घाबरून जाऊ नकोस; केंद्रकस्नेही असा त्याचा मराठी प्रतिशब्द आहे आणि तो मनात धरलास की बाण कुठून निघणार हे आपोआप कळते, कारण धन प्रभाराच्या केंद्रकाकडे ओढ कोणाला असणार, तर ज्याच्यापाशी इलेक्ट्रॉन जास्त आहेत त्याला.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. एस्टरमध्ये एका कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसरा एकेरी बंधाने जोडलेला असतो. दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात आणि मधला कार्बन उणा पडतो. त्याच्यावर हायड्रॉक्साइड येऊन बसतो, दुहेरी बंधाचे इलेक्ट्रॉन क्षणभर वर ऑक्सिजनकडे जातात, ते परत खाली येताना एकेरी बंधाचा ऑक्सिजन आपला गट घेऊन बाहेर पडतो. बाण एकूण चार आहेत. ते कागदावर स्वतःच्या हाताने काढ. मग घराकडे बघ. खोबरेल तेल हे ग्लिसरॉलचे एस्टर आहे. त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून साबण करतात तेव्हा हेच चार बाण चालतात आणि ग्लिसरॉल सुटे होते. लोणी बरेच दिवस राहिले की त्याला जो उग्र आंबूस वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा. तेथे एस्टर तोडण्याचे काम जिवाणूंची विकरे करतात. आपण खाल्लेल्या वरणातील प्रथिने पोटात तुटतात तेव्हा एस्टरच्या जागी अमाइड असते, म्हणजे एकेरी बंधाच्या ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन असतो, तुटण्याची मूळ रीत तीच. पुस्तकात हे सारे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असल्यामुळे मुले ते चार वेळा पाठ करतात. तू ते एकदाच समजून घे.

उत्तर 2 : औषधनिर्माती

सरांच्या एस्टरच्या यादीत मी एका गोष्टीची भर घालते. मी औषधांच्या दुकानात काम करते. ॲस्पिरिनची जुनी बाटली दमट हवेत राहिली आणि तिचे झाकण उघडले की व्हिनेगरचा वास येतो. ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचे ॲसिटिल एस्टर आहे. हवेतील ओलाव्याने ते हळूहळू तुटते आणि व्हिनेगरमध्ये असते तेच ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. अशा गोळ्या वापरू नयेत, टाकून द्याव्यात. फेलिक्स हॉफमन यांनी बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत 1897 साली हे संयुग शुद्ध रूपात तयार केले. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात तुम्हाला ते बहुधा स्वतः करायला मिळेल, तेव्हा हा वास आठवावा : जे तुम्ही जोडणार आहात तेच ओलावा तोडत असतो.

रेणूची त्रिमितीय रचना शिकताना मला फार त्रास झाला होता, कारण आरशातील प्रतिमा या शब्दांना माझ्या लेखी काही वजनच नव्हते. पुढे बाळंतशेपा आणि पुदिना यांनी मला ते शिकवले. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपांचा वास यांत कार्व्होन नावाच्या एकाच संयुगाचा मोठा वाटा आहे. अणू तेच, बंध तेच. परंतु एकातील रेणू दुसऱ्यातील रेणूची आरशातील प्रतिमा आहे, जसा डावा हात उजव्याची. आपल्या नाकातील ग्राही प्रथिनेही एका हाताची असतात, म्हणून त्यांना हा फरक कळतो. पुदिन्याचे पान आणि चिमूटभर बाळंतशेपा दोन तळहातांवर चुरगाळून आळीपाळीने वास घ्यावा आणि मगच कायरल कार्बनचे, म्हणजे ज्यामुळे रेणू आणि त्याची आरशातील प्रतिमा वेगळी ठरते त्या कार्बनचे, प्रकरण उघडावे.

उत्तर 3 : रंगरसायन कारखान्यातील कर्मचारी

कर्क्युमिनचा डाग उन्हात उडतो हे आपल्यासाठी सोयीचे आहे, परंतु कापड रंगवणाऱ्यासाठी तोच मोठा दोष आहे, आणि रंगरसायनशास्त्राचा पुष्कळसा भाग या एका दोषाशी झगडण्यात गेला आहे. हळदीने कापड सहज रंगते, मात्र ते टिकत नाही. याउलट निळीचे पाहा. इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. म्हणून आम्लारिधर्मी पाण्यात सोडियम डायथायोनाइट घालून त्याचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतात, तेव्हा ते पिवळसर आणि विद्राव्य होते. कापड त्यात बुडवून बाहेर काढले की प्रथम हिरवट-पिवळे दिसते आणि हवेतील ऑक्सिजन लागताच आपल्या डोळ्यांदेखत निळे होत जाते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ऑक्सिडीकरण हा शब्द माझ्यासाठी कायमचा बदलला. निळे झालेले इंडिगो पुन्हा अविद्राव्य असते, त्यामुळे ते धाग्यात अडकून बसते. शिवाय त्याच्या रेणूतच नायट्रोजनवरील हायड्रोजन आणि शेजारचा ऑक्सिजन यांच्यात हायड्रोजन बंध असल्यामुळे सांगाडा घट्ट राहतो. जर्मनीतील बीएएसएफने 1897 साली कृत्रिम इंडिगो बाजारात आणले आणि आपल्याकडील निळीची शेती पुढे मोडीत निघाली.

या विषयाची आपल्या मातीतही मोठी परंपरा आहे, ती विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग 1933 साली सुरू झाला. माटुंग्याची आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ती हीच. तेथे संचालक असलेले के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे जगन्मान्य अभ्यासक होते आणि 1957 साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही अभिक्रिया तुम्हाला पुढे अभ्यासाला येईल, तेव्हा ते नाव ओळखीचे वाटावे.

साबणाविषयी एक सांगायचे राहिले. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो. साबणाच्या रेणूचे टोक कार्बोक्सिलेटचे असते, ते अशा क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियमशी जोडले जाऊन अविद्राव्य होते. कपड्यांच्या पावडरीत तेच टोक सल्फोनेटचे असते आणि त्याचा कॅल्शियम क्षार सहसा साका होऊन बसत नाही. रेणूचे एक टोक बदलले की धुण्याचे गणित कसे बदलते, हे दोन बादल्या शेजारी ठेवून दिसते.

उत्तर 4 : कृषी पदवीधर, शेतकरी

मी रसायनशास्त्राचा नाही, परंतु सेंद्रिय या शब्दामुळे आमच्याकडे जो गोंधळ होतो त्याविषयी लिहितो, कारण तो नवशिक्या विद्यार्थ्यांचाही होतो. युरियाला आम्ही रासायनिक खत म्हणतो आणि सेंद्रिय शेतीत ते चालत नाही. रसायनशास्त्राच्या लेखी मात्र युरिया हे सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुग आहे. इतकेच नव्हे, तर फ्रीडरिश व्योलर यांनी 1828 साली अमोनियम सायनेटपासून ते प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हापासून सजीवांच्या शरीराबाहेर असे पदार्थ बनूच शकत नाहीत ही समजूत ढासळू लागली. माझ्या मते शाळेच्या पुस्तकातील कार्बनी हा शब्द या बाबतीत अधिक निर्मळ आहे. गोणीवर 46 टक्के नायट्रोजन असे छापलेले असते. युरियाचा रेणूभार 60 आणि त्यातील दोन नायट्रोजनांचे 28. भागाकार करून पाहिला की जवळपास तोच आकडा येतो.

विद्यार्थिनी

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. चार बाण काढले. तिसऱ्यांदा ते न बघता जमले. हळदीवरही प्रयोग केला. फडक्यावरील डाग साबणाने तांबडा केला आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले, तर थेंब पडले तेवढेच गोल पिवळे झाले.

परंतु येथे एक नवी अडचण उभी राहिली. आजी सांगते की, तिच्या माहेरी हळकुंडांपासून घरी कुंकू करत, आणि त्यात लिंबाचा रस व टाकणखार घालत. सर, लिंबाने तांबडा रंग पिवळा होत असेल, तर लिंबाच्या रसातील हळद लाल कशी होते आणि लालच कशी राहते?

उत्तर 5 : निवृत्त प्राध्यापक

हा प्रश्न तू विचारलास म्हणून मला फार आनंद झाला. माझे पहिले स्पष्टीकरण साबण आणि चुना यांच्यापुरते बरोबर आहे, कुंकवाला ते पुरत नाही.

येथे किल्ली टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात बोरॉन असतो. लिंबाच्या आम्लाने त्यातून बोरिक आम्ल तयार होते. बोरॉनपाशी इलेक्ट्रॉन कमी पडतात, म्हणजे पुन्हा आपला तोच प्रश्न, कुठे उणे आहे; आणि कर्क्युमिनच्या मधल्या साखळीवर दोन ऑक्सिजन असे शेजारी शेजारी असतात की ते दोघे मिळून बोरॉनला चिमट्यासारखे धरतात. तयार होणारे संयुग लाल असते. हा लाल रंग प्रोटॉन गेल्यामुळे आलेला नाही, म्हणून लिंबाने प्रोटॉन परत देऊनही तो जात नाही. उलट हे संयुग घडायला आम्लच लागते. चुन्याचा लाल आणि टाकणखाराचा लाल डोळ्यांना सारखे दिसतात, रेणूत ते निराळे आहेत.

हे पडताळून पाहण्याची जुनी रीत प्रयोगशाळेत आहे. हळदीच्या अर्कात भिजवून वाळवलेला कागद बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचा, त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. लालसर तपकिरी रंग येतो. त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब दिला की नुसती हळद पुन्हा लाल होईल, बोरॉन असेल तर मात्र हिरवट काळपट छटा उमटेल. हे घरी करू नकोस, महाविद्यालयात शिक्षकांसमोर कर, आणि टाकणखार खाण्याच्या भांड्यांपासून दूर ठेव.

विद्यार्थिनी

आज प्रात्यक्षिकाच्या तासानंतर बाईंच्या परवानगीने केले. दोन कागद घेतले होते, एक नुसत्या हळदीचा आणि एक बोरिक आम्लाचा. वाळायला अर्धा तास लागला. सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब दिल्यावर पहिला तांबडा झाला आणि दुसऱ्यावर शेवाळासारखा काळपट हिरवा डाग पसरला. दोन्ही कागद वहीत चिकटवले आहेत. कर्क्युमिनचे दोन ऑक्सिजन बोरॉनला धरतात ते बाण मी काढून पाहिले, परंतु एका ऑक्सिजनपाशी हायड्रोजन आहे आणि दुसऱ्यापाशी नाही असे मला दिसते. तो हायड्रोजन आधी जातो की बोरॉन आधी येतो, येथे मी अडले आहे.