'निवांत' हा शब्द नेमका कुठून आला?

कोथरूडकर:
ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राला 'निवांत' नाव ठरलं आहे. पाटीवर नावाखाली दोन ओळींत अर्थ आणि व्युत्पत्ती द्यायची आहे. समितीत तीन मतं आहेत: 'नि + वांत', 'निवणे'पासून आणि 'निर्वात'चा अपभ्रंश. पाटी पुण्यात लागणार, म्हणजे चुकली तर लोक आत येऊन सांगणार. काय लिहावं?

पोथीवाला:
'नि + वांत' आधी खोडा. संस्कृतात 'वान्त' म्हणजे ओकलेलं. आपली 'वांती' त्यातलीच.

मूळ शब्द 'निवात', वारा न लागणारी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात १९वा श्लोक बघा: 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते'. चित्त आवरलेल्या योग्याला तिथे निवात जागी ठेवलेल्या, ज्योत न हलणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे. जागेचा शब्द मनाला कसा लागला, ते इथे दिसतं. पाणिनीचं तर सूत्रच आहे, 'निवाते वातत्राणे' (६.२.८). त्यावर काशिका या टीकेत 'कुटीनिवातम्', 'कुड्यनिवातम्' अशी उदाहरणं आहेत: झोपडीचा आडोसा, भिंतीचा आडोसा. म्हणजे नुसतं वारा पडलेला असणं नव्हे, वाऱ्यापासून राखण. विरंगुळा केंद्राला हाच अर्थ जास्त शोभतो.

'निर्वात' मात्र नकोच. तो आज हवा काढून घेतलेल्या पोकळीचा शब्द आहे. ज्येष्ठांना आत कोंडल्यासारखं वाटेल.

प्राकृतप्रेमी:
अर्थाचं पटतं, पण ध्वनींचं गणित इतकं सरळ नाही. दोन स्वरांमधला 'त' प्राकृतात गळतो: माता > माय, घात > घाय. त्या न्यायाने 'निवात'चं 'निवाय' व्हायला हवं होतं. 'त' टिकला, वर अनुस्वारही आला.

असा आगंतुक अनुस्वार प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने 'वक्रादावन्तः' या सूत्रात नोंदवला आहे. आपले विंचू (वृश्चिक) आणि मांजर (मार्जार) त्याच गटातले. पण तिथे मुळात जोडाक्षर आहे, ते सुटताना अनुस्वार आला. 'निवात'मध्ये जोडाक्षरच नाही. म्हणून हा शब्द बोलीतून झिजत आलेला नसून पोथीतून उचललेला, अर्धतत्सम मानावा. अनुस्वार 'शांत', 'एकांत' यांच्या संगतीने चिकटला असावा.

'निवणे'ची वाट वेगळी: निर्वाति > णिव्वाइ > निवणे. (निष्पद्यते > णिप्पज्जइ > निपजणे, तसंच.) त्यावरून 'निवांत' काढता येत नाही, कारण 'जिवंत'मधला '-अंत' मराठीत आहे, '-आंत' नाही. दोन्हींच्या मुळाशी 'वा' हा वाहण्याचा धातू आहे, एवढंच चुलत नातं.

आणि डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशात शोधायला जाऊ नका. काम १९४८ पासून चालू आहे, छापील खंड अजून 'अ'तच आहेत.

कोथरूडकर:
म्हणजे 'निवात'वर शिक्कामोर्तब. केंद्राच्या सूचनाफलकावर 'कृपया निवांत व्हा' असं लिहायचंय, ते चालेल?

शुद्धलेखनवाली:
नाही. भडकलेल्या माणसाला आपण 'शांत व्हा' म्हणतो. उसळलेलं खाली बसतं ते शांत. घाई नाही, मागे कटकट नाही, तो निवांत. तगमग संपली की जीव निवतो. 'निवांत' हा सहसा होत नाही, तो असतो, बसतो, झोपतो. फलकावर 'निवांत बसा' लिहा. (फोनवर कोणी 'निवांत बोलू' म्हणालं, तर त्याचा अर्थ 'आत्ता नको'.)

लिंगाप्रमाणे रूप बदलत नाही: निवांत कोपरा, निवांत जागा. नाम 'निवांतपणा'. पाटीवाल्याला 'निवान्त' रंगवू देऊ नका. परसवर्णाची (अनुस्वाराऐवजी 'न्', 'म्' असं अक्षर जोडून लिहिण्याची) मुभा तत्सम शब्दांपुरती आहे. मजकूर असा देता येईल:

निवांत : ज्याच्यामागे घाई नाही, कटकट नाही असा.
संस्कृत 'निवात' (वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा) याचा अपभ्रंश.

प्राकृतप्रेमी:
'याचा अपभ्रंश' काढून 'या शब्दावरून' करा. अपभ्रंश म्हटलं की गळलेल्या 'त'चा हिशेब द्यावा लागेल, आणि तो दोन ओळींत मावणार नाही.