कर्करोग-संशोधकाचे काम शोधनिबंधांच्या यादीवरून कसे जोखावे?

गोदाकाठचा शिक्षक:
नमस्कार. मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. माझ्या मुलीला कर्करोगाच्या पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. ज्या मार्गदर्शकांकडे ती जाऊ पाहते, त्यांच्या नावावर १४० शोधनिबंध असून त्यांचा एच-निर्देशांक ३८ आहे. आकडे मोठे आहेत, पण ही यादी वाचायची कशी, हे मला समजत नाही. या आकड्यांवर विसंबून मुलीची पाच-सहा वर्षे पणाला लावावीत का?

माजी संशोधिका, कॉलेज रोड:
सर, एच-निर्देशांक ही कल्पना २००५ मध्ये हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. ३८ याचा अर्थ एवढाच की, त्यांच्या किमान ३८ निबंधांचा प्रत्येकी किमान ३८ वेळा इतरांनी उल्लेख केला आहे. तो उल्लेख आधार म्हणून केला की खोडून काढण्यासाठी, आणि काम मुळात कोणाच्या हातून झाले, हे त्यातून कळत नाही. आपल्या विषयात बहुधा पहिले नाव प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळा-प्रमुखाचे असते. म्हणून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय व जीवशास्त्रीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत, त्यांचे नाव शेवटी असलेले निबंध काढावेत आणि पहिली नावे कोणाची आहेत ते पाहावे. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची नावे पहिल्या जागी दिसत असतील, तर तुमच्या मुलीलाही ती जागा मिळण्याची आशा धरता येते. आढावा घेणारे लेख मात्र वेगळे मोजावेत, कारण त्यांचे उल्लेख सहसा अधिक होतात आणि त्यांत नवा प्रयोग नसतो.

पॅथॉलॉजिस्ट, इंदिरानगर:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, तरीही मी यादीपेक्षा एका प्रश्नाचा माग काढण्यास सांगेन. पी५३ या प्रथिनाचे उदाहरण घ्या. ते १९७९ मध्ये सापडले आणि पुढची सुमारे दहा वर्षे ते कर्करोग वाढवणारे मानले गेले, कारण प्रयोगात वापरलेल्या त्याच्या जनुकाच्या प्रती उत्परिवर्तित, म्हणजे बदल होऊन बिघडलेल्या, होत्या. मूळ निर्दोष प्रत पेशींची अनिर्बंध वाढ रोखते, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. आधीचे प्रयोग खोटे नव्हते, त्यांचा अर्थ चुकला होता, आणि तो सुधारण्यात याच क्षेत्रातील संशोधकांचा वाटा होता. म्हणून एकाच प्रथिनावरचे त्या मार्गदर्शकांचे निबंध वर्षांच्या क्रमाने लावून, नंतरच्या निबंधात आधीचा निष्कर्ष तपासला किंवा दुरुस्त केला आहे का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवातली आहे. विद्यार्थिदशेत मी ज्या पेशींवर दोन वर्षे काम केले, त्या स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून मला मिळाल्या होत्या. पेशी ज्यात वाढतात ते बाटलीतले गुलाबी पोषक द्रव दोन दिवसांतच पिवळे पडत असे, इतक्या झपाट्याने त्या वाढत, आणि मी त्यावर खूश होतो. डीएनएची ओळख-चाचणी केली तेव्हा त्या हेला पेशी निघाल्या. ही १९५१ पासून जगभर वापरात असलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, आहे, आणि ती इतर पेशींच्या बाटलीत चुकून मिसळली तर त्यांची जागा घेते. तेव्हापासून कोणताही निबंध हातात आला की मी आधी त्यातील ‘साहित्य व पद्धती’ हा भाग उघडतो आणि पेशी कोठून आणल्या व त्यांची ओळख कशी पटवली, हे शोधतो. पेशींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारखे संग्रह आहेत. त्यामुळे एवढी माहिती देणे अवघड नसते.

वाचक, इगतपुरी:
यादीत न मावणाऱ्या कामाचाही विचार व्हावा, असे मला वाटते. कर्करोग-संशोधिका कमल रणदिवे यांनी मुंबईत उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले, तसेच तेथे ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर ऊती व पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्यांनी कळसूबाईपलीकडच्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहितीही गोळा केली. निबंध मोजताना त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली माणसे कशी मोजणार? सर, त्या मार्गदर्शकांचे जुने विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे जरूर विचारा.

गोदाकाठचा शिक्षक:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलीसोबत बसून यादी चाळली. १४० पैकी ५२ निबंधांत त्यांचे नाव शेवटी आहे, त्यांतले ११ आढावा-लेख आहेत, आणि उरलेल्या ४१ मध्ये पहिल्या जागी नऊ वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची नावे आहेत. त्यांपैकी दोघांना मुलीने पत्र लिहिले आहे. पेशींची ओळख कशी पटवली, हे मात्र आम्ही उघडलेल्या तीनपैकी एकाच निबंधात सापडले, म्हणून मुलाखतीत तो प्रश्न ती स्वतः विचारणार आहे.