गुहेतल्या आंधळ्या क्रस्टेशियनची (खेकडा-कोळंबीच्या गटातला प्राणी) सबस्पीशीज (उपप्रजाती) ठरवतात तरी कशी?

कळवा_झूलॉजी
एमएससीच्या सेमिनारला हा टॉपिक गळ्यात पडलाय. असेलस अ‍ॅक्वॅटिकस नावाचा गोड्या पाण्यातला आयसोपॉड (चपटा, बारीक क्रस्टेशियन), युरोपात नदीनाल्यात तपकिरी आणि डोळेवाला, आणि स्लोव्हेनियातल्या प्लानिना गुहेत तोच पांढराफटक, डोळ्यांचा पत्ता नाही. राकोव्हित्झा या जीवशास्त्रज्ञाने 1925 मध्ये गुहेतल्याला कॅव्हर्निकोलस ही सबस्पीशीज केली. एवढा फरक दिसतोय तर सरळ वेगळी स्पीशीज (प्रजाती) का नाही केली?

ऐरोलीकर
कान्हेरीला जाऊन शोध, तिकडे गुहाच गुहा 😄

मुलुंड_चेकनाका
अरे ती कोरलेली लेणी आहेत, तीही बेसाल्टमधली. हे प्राणी जास्त करून चुनखडीच्या गुहांत, जिथे पाण्याने खडक विरघळून वाटा पडतात तिथे. आणि गुहाच लागते असंही नाही, आपल्याकडे आंध्रात विहिरी नि बोअरवेलच्या पाण्यातून बॅथिनेला गटातले बारीकसे क्रस्टेशियन निघालेत.

ताई, तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर लॅबमध्ये गुहेतल्याचा नि बाहेरच्याचा क्रॉस केलाय, पिल्लं झाली आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं झाली, मग वेगळी स्पीशीज म्हणायची कशी? शिवाय डोळे-रंग जाणं हा फार फसवा पुरावा आहे, अंधारात राहिलं की वेगवेगळ्या गुहांत ते आपापलं स्वतंत्रपणे जातं, म्हणजे दोन आंधळे दिसले म्हणून ते एकमेकांचे सख्खे, असं नाही. दिसण्यावरून नावं ठेवलेली मंडळी डीएनएत भलतीकडेच निघतात.

कळवा_झूलॉजी
दादा थँक्यू, मग सबस्पीशीज तरी कशावर?

मुलुंड_चेकनाका
साधारण बघायचं की दोघांचे इलाके वेगळे आहेत का आणि जिथे भेटतात तिथे दोघांच्या अधलेमधले नमुने मिळतात का. अमेरिकेत इंडियानातला गुहेतला क्रेफिश (गोड्या पाण्यातला नांगीवाला क्रस्टेशियन) बघ, ऑर्कोनेक्टेस इनर्मिस इनर्मिस आणि ऑर्कोनेक्टेस इनर्मिस टेस्टाय, काटे कमी-जास्त, आणि मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ. म्हणून एकच स्पीशीज, दोन सबस्पीशीज. आणि स्लाइडवर तीन शब्दांचं नाव लिही, मध्ये सबस्प. (सबस्पीशीजचं लघुरूप) वगैरे घुसवू नको, ते वनस्पतीवाल्यांचं, आपल्या प्राण्यांच्या नावांच्या नियमात नाही. कॅव्हर्निकोलस झाला की बाहेरचा आपोआप अ‍ॅक्वॅटिकस अ‍ॅक्वॅटिकस होतो, त्याला वेगळं कोणी नाव द्यावं लागत नाही.

कळवा_झूलॉजी
अरे देवा, मी सगळीकडे सबस्प. टाकलंय. रात्रीच बदलते, उद्या 8.12 च्या लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला जागा कुठे मिळणार.